बाई खलास

आखातात जुबैलचा कारखाना उभा राहत होता तेव्हा वेल्डिंग तपासणारा म्हातारा आंद्रिस रोज संध्याकाळी कॅम्पात माझ्याशी बुद्धिबळ खेळायचा. मूळचा लात्वियाचा, तिथं तेव्हा रशियनांचं राज्य. तरुणपणी स्पर्धेसाठी परदेशी गेला, तो रशियनांच्या जाचाला विटून परतलाच नाही. बायको मात्र तिकडेच अडकली; रशियन तिला सोडेनात. आपल्या वजिराला त्यांच्याकडे बाई म्हणतात, हे त्यानंच शिकवलं. तेव्हापासून त्याचा वजीर मारला की मी ओरडायचो, “आंद्रिस, बाई खलास!” आणि तो खदाखदा हसायचा. त्या दिवशी त्यानं वजीर आपणहून माझ्या उंटाच्या तोंडी दिला. मी मारला, सवयीनं ओरडलो. तो हसला नाही. माझ्या हातातला वजीर हिसकावून म्हणाला, “घरून फोन आला होता. परवाच पुरलं तिला.” “चाल परत घे,” म्हणालो. “परत?” तो किंचाळला, “इतकी वर्षं रशियनांकडे दुसरं काय मागत होतो मी?”