सभासद क्रमांक दोनशे बारा

दोनशे बारा नंबरचा फोल्डर तिसऱ्यांदा गायब झाला होता, आणि तिसऱ्यांदा आपोआप परतही आला होता.

स्वप्नालीनं खुर्ची ओढत बाबासोच्या टेबलाशी आणली आणि त्याला सर्व्हरवरच्या कामांची नोंद, लॉग, दाखवला. त्यात स्पष्ट होतं. पहाटे फोल्डर नव्हता, कोडनं नवा बनवला. कोण काढतंय ते कळायला मार्ग नव्हता. ऑफिसातले सगळे एकाच लॉगिननं सर्व्हरवर जायचे.

शाहूपुरीतलं ते ऑफिस दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचं. गावात सभासदानं दूध घातलं की सर्व्हरवरून त्याच्या मोबाइलवर फोन जायचा. आधी सभासदाचं नाव, मग किती लिटर, किती फॅट. आकडे मशीनच्या आवाजात, नाव माणसाच्या. नाव नसेल तर नुसता नंबर.

प्रत्येक सभासदाचा एक फोल्डर होता. तालुका, त्यात गाव, त्यात संस्था, त्यात सभासदाचा नंबर. हे फोल्डर बनवणारा कोड बाबासोनं लिहिला होता. फोन लावायच्या आधी तो कोड एकेक पायरी बघत आत जायचा. पायरी असली तर गप्प पुढं जायचा, नसली तर बनवून पुढं जायचा. कुठंच अडायचा नाही. फोल्डर रिकामा असला तर मूळ साठ्यातून नावाची फाइल आणून ठेवायची, हा भाग स्वप्नालीनं नंतर जोडला. तेव्हा बाबासो रजेवर होता. अरुणा दवाखान्यात होती.

अरुणा त्याची बायको. तीही याच ऑफिसात होती. तीन हजार नावं तिनंच रेकॉर्ड केली, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना वाकळ लावून. ज्याला गावात जशी हाक मारतात, तशीच तिनं मारली. कागलच्या यादीत दोनशे बारावर आली आणि थांबली. तो नंबर बाबासोचा होता. सगळं ऑफिस माईकभोवती गोळा झालं. मालक विजयसिंह म्हणाले, उखाण्यात घे. ती हसली, पदर नीट केला, "अहो" म्हणाली आणि बटण बंद केलं.

फाइल तशीच राहिली.

तिला जाऊन आठ महिने झाले होते. गावात बाबासोची आई धार काढायची, दूध घालून यायची, आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्या मोबाइलवर फोन यायचा. अहो. चार लिटर तीनशे. फॅट सहा पूर्णांक आठ. म्हातारी दर वेळी स्पीकर लावायला सांगायची. ऐकायची आणि डोळ्याला पदर लावायची. बाबासो फोन संपेपर्यंत हातात धरून ठेवायचा. मग जेवायचा.

ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. म्हणून तर बाकीची कामं बाजूला ठेवून स्वप्नाली याच्या मागं लागली होती. विजयसिंह येता-जाता चौकशी करायचे. आजही दारात थांबले.

"तीन हजारातला तुझाच कसा पळतोय रे? दाव्याला बांध त्याला."

बाबासो म्हणाला, बघतो.

त्यानं सकाळपासून डिस्क तपासली होती. डिस्क चांगली होती. रोज आपोआप चालणारी कामं बघितली. त्यातही काही नव्हतं. हे सगळं त्यानं स्वप्नालीला सरळ सांगितलं. तिचं समाधान झालं नाही.

"दादा, मला वेगळीच भीती हाय," ती म्हणाली. "फोल्डर गेला तर तुमचा कोड परत बनवतोय. उद्या मूळ फाइलच गेली तर? कोड फोल्डर बनवंल. वैनींचा आवाज कुठनं आणंल?"

बाबासोनं खुर्ची तिच्याकडं वळवली.

"मूळ फाइल ठेवलीस कुठं?"

"माझ्याच कॉम्प्युटरवर. पासवर्ड लावून. सर्व्हर तिथनं उचलतोय." ती थोडी ओशाळली. "तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तेव्हा तुम्ही माणसात कुठं होता?"

तिनं त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि फाइल दाखवली. एवढीशी फाइल, दोन सेकंदांची. नीट आहे का बघायला तिनं ती एकदा वाजवली. पलीकडच्या टेबलावरच्या मोनानं मान वर केली आणि परत खाली घातली.

"दुसरी प्रत कुठं हाय?" बाबासोनं विचारलं.

"कुठंच न्हाय. एवढीच. म्हणून तर म्हणतेय, आजच घरी घेऊन जा."

"बॅकअपात?"

"माझा कॉम्प्युटर बॅकअपात घेत न्हाईत की. सर्व्हरवरची तेवढी घेत्यात, ती तर सारखी पळतीय."

बाबासोनं मान हलवली. मला पाच-दहा मिनिटं लागतील म्हणाला. स्वप्नाली लगेच उठली. चहा सांगून येते म्हणाली, जाताना मोनालाही खुणेनं बाहेर घेऊन गेली. जिन्यात विजयसिंह भेटले, त्यांनाही तिनं वर जाऊ दिलं नाही. दादाला जरा एकटं बसू दे म्हणाली.

दोघी परत आल्या तेव्हा तो आपल्या टेबलाशी होता. चहा घेतला.

"जमलं?" स्वप्नालीनं विचारलं.

"जमलं."

सहाच्या एसटीनं तो गावाकडं गेला. हातपाय धुतले. आईनं भाकरी वाढली तेवढ्यात फोन वाजला. तिनं सांगायच्या आधीच त्यानं स्पीकर लावला.

सभासद क्रमांक दोनशे बारा. चार लिटर दोनशे. फॅट सहा पूर्णांक सात.

म्हातारीचा हात पदराशी जाऊन तसाच राहिला.

"आज अरुणा बोलली न्हाय व्हय?"

"बिघाड झालाय, आई."

"तुला येतंय न्हवं नीट करायला? आजवर कधी चुकली न्हवती की ती."

बाबासोनं भाकरीचा तुकडा मोडला. आजवर मूळ फाइल कुठं आहे, तेच त्याला माहीत नव्हतं.