नातेवाईकांचा रविवार

“नाव काय तुझं?” बघायला आलेल्या मुलाच्या आईनं विचारलं आणि संपदाचा शब्द पहिल्याच अक्षरावर अडकला.

“सं... सं...”

“संपदा,” तिच्या आईनं, सुचेतानं, चटकन सांगून टाकलं.

त्याच क्षणी तिचे वडील उत्तमराव उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. पाहुणे जाईपर्यंत आत आलेच नाहीत.

कपबशा विसळताना संपदा आईला म्हणाली, “बा... बाबांना माझी लाज वाटते.”

“काहीतरीच काय. स्वभावच आहे त्यांचा, कमी बोलायचा.”

ते खरंच होतं. जेसल पार्कमधल्या त्या इमारतीत बारा वर्षं राहूनही शेजाऱ्यांशी त्यांची ओळख मान डोलावण्यापुरतीच. मुंबईतल्या एका कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग्ज काढली. घरी फोन वाजला की तो सुचेताच्या हातात द्यायचे. काशीगावला बहिणीकडे जाताना बसचं तिकीट पुढच्या थांब्याचं काढायचे आणि तेवढं अंतर मागे चालत यायचे. व्यायाम होतो, म्हणायचे.

संपदाला ते कधी रागावले नाहीत. फक्त ती अडखळायला लागली की नजर खाली घालायचे. सत्तावीस वर्षांत ती खाली गेलेली नजर तिला पाठ झाली होती.

संपदा एका लॅबमध्ये रक्त तपासायची. रविवारी सकाळी केबिन रोडवरच्या क्लासच्या खोलीत जायची. तिथं ममता मॅडम, स्पीच थेरपिस्ट, अडखळणाऱ्यांचा गट चालवायच्या. शब्द माहीत नसतात म्हणून कुणी अडखळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “आणि अडखळणं लपवायला जेवढी ताकद लागते ना, तेवढी बोलायलाही लागत नाही,” असंही.

या रविवारी मॅडमनी घरच्यांना बोलावलं होतं.

“बाबा, तुम्ही या... याल?”

उत्तमरावांनी पेपरची घडी केली. “मी कशाला? आई येतेय की.”

“मला तु... तुम्हीच हवे आहात.”

ते घडीवरून बोट फिरवत राहिले. त्याच दुपारी संपदानं पुण्याच्या एका लॅबचा अर्ज भरला. इथून जायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

रविवारी आईच आली. दोघी पहिल्या रांगेत बसल्या. कार्यक्रम सुरू झाला आणि दार हळूच उघडलं. इस्त्रीचा शर्ट घातलेले उत्तमराव आत आले आणि शेवटच्या खुर्चीवर बसले. सुचेतानं मुलीचा हात दाबला. संपदानं वळून पाहिलं, पण हसली नाही.

“आज दोनच नियम,” ममता मॅडम म्हणाल्या. “कुणाचा शब्द आपण पुरा करायचा नाही. आणि ‘सावकाश बोल’ म्हणायचं नाही. समोरच्याकडे बघायचं, थांबायचं. चला, पाहुण्यांनी आपापलं नाव सांगायचंय.”

गटातल्या रोशनच्या बायकोनं हिंदीत सांगितलं. स्वप्नीलच्या मावशीनं नावाबरोबर गावही सांगितलं. सुचेताचं झालं. मग सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

“काका, नको वाटत असेल तर राहू द्या,” मॅडम म्हणाल्या.

मागे खुर्ची सरकली. निघाले, संपदाला वाटलं. ती समोरच्या फळ्याकडे बघत राहिली. आता दार वाजेल.

दार वाजलं नाही.

“माझं नाव...” बाबांचा आवाज आला आणि तुटला.

खोलीत कुणी हललं नाही. संपदा वळली. उत्तमराव उभे होते. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, गळ्याची शीर फुगली होती आणि ते थेट तिच्याकडे बघत होते.

“उ... उ... उ...”