शुक्रवारचा फोन

सलग दोन शुक्रवार तिने घड्याळवाल्या आजोबांना फोन केला नव्हता. तिसऱ्या शुक्रवारी केला, तर तो त्यांच्या मुलीने उचलला.

"बाबा सोमवारी गेले," ती म्हणाली.

कॅप्टनने आजोबांचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. कॅप्टन हे तिच्या मित्रमैत्रिणींच्या टोळीने ठेवलेलं नाव. बावीस वर्षांची पोरगी, पण एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिने अख्खं शहर कामाला लावलं होतं. चौकात टेबल मांडायचं, नावं लिहून घ्यायची आणि दर आठवड्याला टोळीतल्या प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या आजी-आजोबांना फोन करायचा.

घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले हे आजोबा टेबलाशी आले तेव्हा तीच बसली होती. पांढरे केस दिसताच तिने फॉर्म पुढे सरकवला. "शुक्रवारी पाचला मी मोकळा असतो," ते म्हणाले. तिने स्वतःचा नंबर लिहून दिला. "मग आपली जोडी जमली, आजोबा!"

जोडी कसली, डिंक! फोन सोडायचं नावच नाही. जेवलीस का, काय जेवलीस, आईचा फोन आला का, आज कुणाशी बोललीस? बिचाऱ्यांना बोलायला कुणी नाही, असं ती टोळीला सांगायची. त्यांची नक्कल करून हसवायची. मग पोरं आपापल्या घरी जायची आणि ती भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडायची.

आणि सभागृहातल्या मोठ्या कार्यक्रमापायी ती नेमकी त्यांनाच विसरली. त्यांचे चार फोन आले, तेही तिने कापले. एकाकीपणावर भाषण लिहीत बसली होती, बोला! आता तिची तिलाच लाज वाटत होती. रिकाम्या घरात म्हातारा फोनकडे डोळे लावून बसला असेल! निदान घरच्यांची माफी तरी मागावी म्हणून ती पत्ता शोधत निघाली.

घर रिकामं नव्हतं. दाराबाहेर चपलांना जागा नव्हती. आत दोन मुलगे, सुना, नातवंडं, बुद्धिबळाचे चार भिडू, खालचा न्हावीसुद्धा. कुणीतरी आजोबांचा किस्सा सांगत होतं आणि सगळे रडता रडता हसत होते. ती दारातच घुटमळली. एवढा गोतावळा असताना आजोबा आपल्या टेबलाशी आले कशाला?

त्यांची मुलगी पाण्याचा पेला घेऊन पुढे आली. "तू शुक्रवारची ना गं?"

"हो. दोन फोन चुकले माझे. फार चुकलं." तिने पेला घेतला, पण तसाच हातात धरला. "वाट पाहिली का हो त्यांनी?"

"पाहिली तर! पाचपासून खुर्ची सोडली नाही. नातीच्या वाढदिवसालासुद्धा उठले नाहीत. तुझी काळजी लागली होती."

"माझी?"

"मग! तुमच्या टेबलावरून आले तेव्हा केवढे खूश होते. म्हणाले, या वयातही पोरांनी मला कामावर घेतलं. एक एकटी पडलेली मुलगी सोपवलीय माझ्याकडे, तिने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही."