पोलर बंद करायची ओळ

"अब्बा, प्रोग्रामचा शेवट मी टाइप करू?" 'मशीन चालवून दाखव' अशी मैत्रिणींनी पैज लावल्यावर शहिस्तानं अब्बांच्या कामशेतच्या सीएनसी कारखान्यात, जिथं मशीनं कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालतात, सगळ्यांदेखत विचारलं. अब्बा कौतुकानं बाजूला सरकले. टेबल गोल फिरवून पाकळ्या कोरायच्या होत्या, त्यासाठी मशीन 'पोलर'मध्ये, म्हणजे गोल फिरून कापायच्या पद्धतीत घेतलेलं. काम संपल्यावर पोलर बंद करायची ओळ हवीच, नाहीतर पुढचं कामही मशीन तसंच गोल फिरवतं. "टाकलीस ना गं?" अब्बांनी विचारलं. "कधीचीच!" मैत्रिणींकडे बघत तिनं ऐटीत ठोकून दिलं. टाकली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुढच्या कामाला टेबल भलतीकडेच फिरलं, कटर मोडला, महागडा ठोकळा भंगारात गेला. जेवताना अब्बा अम्मीला म्हणाले, "पोरीनं ओळ टाकली व्हती. माझ्याच हातनं पुसली गेली असंल. आता प्रोग्राम नको, हातानं चालवायच्या जुन्या लेथवरच जातो." शहिस्तानं हातातला घास ताटात ठेवला. "अब्बा, मी खोटं बोलले. तुमी प्रोग्राम सोडायचा न्हाई. अम्मी, उद्या शाळा बुडंल, पण कारखान्याच्या साहेबाला मीच सांगणार."