दीपाचा तिसरा रिपोर्ट

"नवरदेवाची भावजय आन लग्नाच्या दिवशी दवाखान्यात? लोक काय म्हनतीन?" भुरीबाईनं मांडवाच्या तोंडाशीच सुनेला अडवलं.

"अकरा-साडेअकराच्या आत वापस, याडी."

"रिपोर्ट काय उद्या पळून चालला?"

सासूला जया याडी म्हणायची आणि आईसारखंच तिचं ऐकायची. आज मात्र ऐकणार नव्हती. सहा वर्षांच्या दीपाचं बोट धरून ती तांड्याबाहेर पडलीसुद्धा. मागे धाकट्या दिराच्या, लखनच्या, लग्नाची गाणी ऐन रंगात आली होती. नव्या झग्यातली दीपा त्याच तालावर उड्या मारत चालली होती.

एसटी नेमकी उशिरा आली. ज्या दिवशी घाई, त्या दिवशी ती उशिरा यायचीच. दिग्रस येईपर्यंत जयानं चार वेळा दीपाच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दोन महिन्यांपूर्वी दीपा तापानं फणफणली होती. लघवीला बसली की आग आग म्हणून रडायची. डॉक्टर मॅडमनी औषध दिलं, आठवड्यात ताप उतरला, पोरगी खेळायला लागली. मग मॅडमनी सीलबंद बाटली दिली आणि सकाळची पहिली लघवी तपासायला आणायला सांगितलं. जयानं आणली. रिपोर्ट वाईट आला, लघवीत जंतू निघाला. औषध बदललं. दुसऱ्या बाटलीचा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला.

"पण मॅडम, पोरगी तं मजेत हाये," जया म्हणाली होती.

"मजेत दिसते. हा जंतू आतड्यात असतो तोवर बहुतेकदा गुमान असतो. पण यांच्यातले काही फार द्वाड. गोखरू लुगड्याला चिकटतं ना, तसे लघवीच्या पिशवीच्या भिंतीला चिकटतात आणि हळूहळू वर किडनीपर्यंत सरकतात. याला तर साध्या गोळ्याही लागू पडत नाहीत." मग मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "घरात स्वच्छता ठेवता ना?"

जयाला ते फार झोंबलं. अख्ख्या तांड्यात तिच्याइतकी घासूनपुसून राहणारी बाई दुसरी नव्हती. तिनं घासलेल्या तांब्यात बघून लखननं परवा मिशी कोरली होती. भुरीबाई तर म्हणायची, ही बाई एखाद्या दिवशी सूर्यालाही राखेनं घासून काढील. आणि हिच्याच पोटच्या पोरीच्या अंगात घाण?

"तिसराही असाच आला, तर यवतमाळला भरती करावी लागेल," मॅडमनी सांगून टाकलं होतं. "दहा दिवस शिरेतून इंजेक्शन. किडनीवर व्रण पडला तर जन्माचं दुखणं होईल."

तेव्हापासून जयाला अन्न गोड लागलं नव्हतं. सोमवारी तिसरी बाटली घेऊन निघाली, तर झाकण सैल राहिलं आणि सगळी लघवी एसटीतच पिशवीत सांडली. दवाखान्यात ती रडकुंडीला आली. शेवटी रुपाली सिस्टरनं दुसऱ्या बाटलीचं सील फोडलं, दीपाला आतल्या खोलीत नेलं आणि तिथंच नमुना घेतला. त्याचा रिपोर्ट आज होता.

दवाखान्यात पुढे सहा नंबर होते. जया बसली, उठली, पुन्हा बसली. नवऱ्याचा, खेमसिंगचा, दोनदा फोन आला. पाहुणे आले, पंगतीची तयारी झाली, तू कुठं आहेस? तिनं दोन्ही वेळा "येऊन राह्यली ना" एवढंच म्हणून फोन ठेवला. दीपा बाकड्याखाली शिरून आपल्याच बांगड्या मोजत होती.

नंबर लागला. मॅडमनी पाकीट उघडलं, कागद वाचला, पुन्हा वाचला.

"काहीच नाही. एकही जंतू उगवला नाही."

जयानं दीपाला उचलून छातीशी आवळलं आणि चक्क हुंदके देऊन रडायला लागली. मग रडता रडता हसली. "देव पावला, मॅडम. तुमच्या औषधानं गुण आला."

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फाईलमधून आधीचे दोन रिपोर्ट काढले आणि तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तेच औषध चालू आहे. त्याला तर हा जंतू दाद देत नव्हता. मग गेला कुठे? आधीच्या दोन बाटल्या तुम्ही घरी भरल्या होत्या ना? कशा भरल्या, सांगा बरं."

"तुम्ही सांगतलं तशाच. पोरीले धुतलं, मंग बाटली भरली."

"सील तेव्हाच फोडलं?"

"नाई, रात्रीच फोडलं. बाटली धुवावी लागते ना."

मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. "बाटली धुतली?"

"तं मंग!" जयाचा आवाज चढला. कधीपासून सांगायचं राहून गेलेलं आज सांगायला मिळत होतं. "कारखान्यातली वस्तू, किती हात लागले असतीन. बिना धुतलेलं भांडं आमच्या घरात कोनी वापरत नाई, मॅडम. तीन-तीनदा खंगाळली."

"कोणत्या पाण्यानं?"

"तांड्याच्या टाकीच्या. प्यायचंच पानी हाये, वापरायचं नाई घेतलं."

"उकळलेलं?"

"प्यायचं पानी कोन उकळते जी?"

मॅडमचा हात कागदांवर तसाच राहिला. "ते पाणी कोण कोण पितं?"

जयाचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. अकरा वाजले होते. तिनं डोळे पुसले, दीपाचा झगा सारखा केला आणि उठता उठता आनंदानं म्हणाली, "सगळा तांडाच पेते, मॅडम. आन आज तं लग्नाले चारशे मानूस हाये, आतापर्यंत सरबत वाटूनबी झालं असन."