अपिलाची मुदत

"तू गाडीतच थांब ना, माक," दालिन आईला तिसऱ्यांदा म्हणाली.

सोखोमने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेकीच्या कामाला निघालेली आई गाडीत बसून राहते होय? गुलाबी खोका दोन्ही हातांत धरून ती कॉलेजच्या पायऱ्या चढायला लागली. खोक्यात पहाटे तळलेले बारा डोनट होते. स्टॉक्टनमधल्या तिच्या दुकानाला आज भरदुपारी कुलूप होतं, वीस वर्षांत पहिल्यांदा.

कारणही तसंच होतं. या दोन वर्षांच्या कॉलेजातून पुढे जायला दालिनने पाच विद्यापीठांत अर्ज केले होते आणि पाचही जणांनी तिला नाही म्हटलं होतं. पाचवं पत्र आल्यापासून पोरगी धड जेवली नव्हती.

पुढच्या प्रवेशाचा सल्ला देणाऱ्या क्विंटेरोबाई दारातच भेटल्या.

"या आमच्या घरच्या," दालिन घाईघाईने म्हणाली. "यांना इंग्रजी फारसं येत नाही."

वीस वर्षं इंग्रजीत डोनट विकणाऱ्या सोखोमने लेकीकडे नुसतं पाहिलं आणि खुर्ची ओढून बसली.

बाईंनी सरळ मुद्द्याला हात घातला. "हे बघ, इथेच आणखी एक वर्ष काढून पुन्हा अर्ज करता येईल. नाहीतर दोन ठिकाणी जानेवारीच्या जागा उरल्यात, पण तिथे नर्सिंग नाही. राहता राहिलं अपील. त्याची मुदत आज पाचला संपतेय."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

"मी वर्षभर थांबते," दालिन म्हणाली.

बाई चाटच पडल्या. "अगं, मार्क बघ तुझे. एक सत्र सोडलं तर कुठे नाव ठेवायला जागा नाही. त्या सत्रात तू तीन विषय सोडलेस, तिथेच माशी शिंकली."

"मला अपील नको."

"का नको?" सोखोम घरच्या ख्मेर भाषेत कडाडली. "वर्षभर काय करणार आहेस? माझ्यासारखी पहाटे दोनला उठून पीठ मळणार?"

"तू मध्ये बोलू नकोस," दालिनही ख्मेरमध्येच पुटपुटली.

त्या सत्रात सोखोमचं मनगट मोडलं होतं आणि दुकान दालिननेच ओढलं होतं. पण दुकानात राबणारी पोरं या गावात पैशाला पासरी, त्यांचं कुणाला काय कौतुक, असं दालिनला वाटायचं.

क्विंटेरोबाई कागद चाळत होत्या. "अपिलाला माझं पत्र जोडते. अर्जातला तुझा निबंध आज दुपारीच वाचला. इतकं सगळं झालं आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बाई, तो निबंध राहू द्या. प्लीज."

"लाजायचं काय त्यात?"

"लाजत नाहीये मी. मला खरंच अपील करायचं नाही. चल, आपण निघू," दालिन उठलीच. सोखोमने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. त्या म्हातारीच्या हातात अजून बराच जोर होता.

साडेचार झाले. दालिनला रडू येत होतं, पण रडायचीही सोय नव्हती.

बाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पोरी, ही काय लपवायची गोष्ट आहे? कॅन्सरने चार महिन्यांत तुझी आई गेली. आईला पोचवून आठवडा झाला नाही तोच तू उरलेल्या परीक्षांना बसलीस. हे मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?"

दालिनने मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेजारच्या खुर्चीकडे बघायची तिची छाती होईना. सोखोमचा हात तिच्या मनगटावर तसाच होता.

"फक्त घरच्या मोठ्या माणसाची एक सही लागेल," असं म्हणत बाई सोखोमकडे वळल्या आणि एकेक शब्द सुटा सुटा करत त्यांनी विचारलं, "आपण हिच्या कोण?"

सोखोमने लेकीच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं. मग तिने टेबलावरचं पेन उचललं.

"मावशी," ती स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "फार कष्टाळू होती हो हिची आई. सही कुठे करायची?"