भुईमुगात विमान

इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

अभिमनने खाली पाहिलं. तापीकाठचं ते गाव जळगावच्या वाटेवर नव्हतंच. एकट्याने उडायची परवानगी त्याला नुकतीच मिळाली होती. धुळ्याहून जळगावला जायचं आणि सरळ परत यायचं, असं शिकवणाऱ्या कॅप्टननी बजावलं होतं. पण या गावात प्रमिला राहत होती. घराच्या मातीच्या धाब्यावर मिरच्या वाळवणाऱ्या प्रमिलाने ओढणी हलवली, म्हणून त्याने गावाला आणखी एक फेरी मारली. त्या नादात डावी टाकी संपली, उजवी चालू करायची राहिली. टाकी बदलायच्या कळीकडे हात गेला तेव्हा चिंचेचे शेंडे चाकांना लागायला आले होते.

विमान भुईमुगात उतरलं, बांधाला धडकलं आणि नाक मातीत खुपसून थांबलं. अभिमनच्या कपाळाला खोक पडली. एवढ्यावर निभावलं. शेत मात्र तोतारामनानांचं, म्हणजे प्रमिलाच्या बापाचं निघालं.

महिन्यापूर्वी याच नानांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं. लग्नाला प्रमिलाचा होकार होता. नाना म्हणाले होते, “विमान पडनं ते मनी पोरनं काय?”

आता ते काठी टेकत आले. विमानाकडे पाहिलं, त्याच्या कपाळाकडे पाहिलं आणि त्याला घरी नेऊन हळद लावली. अभिमनला वाटलं, म्हातारा विरघळला.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब जीपमधून आले. तोवर बायांनी विमानाला कुंकू लावलं होतं आणि पोरांनी शेपटीवर झोके घेतले होते.

“ढग आले, साहेब. वाट चुकलो,” अभिमन म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते पटत होतं. जाता जाता त्यांनी शेताच्या मालकाला सहज विचारलं, “याला ओळखता का हो?”

“वळखस ना!” नाना खणखणीत आवाजात म्हणाले. “मन्हा होनारा जवाई शे. मनी पोरले देखाले उना व्हता. तीन चकरा मार्‍यात गावले!”

बांधावरचं सगळं गाव खो खो हसलं. साहेब हसले नाहीत. सहा महिने उड्डाण बंद, मग सगळं शिक्षण पहिल्यापासून, असं तिथल्या तिथे सुनावून ते जीपमध्ये बसले.

धुरळा खाली बसला. अभिमनच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाना, असं का केलंत?”

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “आते पोर दिधी तुले. आते तू जमीनवर ऱ्हाशी.”

रडावं की हसावं, अभिमनला कळेना. उडायची परवानगी गेली होती आणि बायको मिळाली होती. शेवटी तो नानांच्या पाया पडायला वाकला.

“थांब!”

प्रमिला चहाची किटली घेऊन बांधावर उभी होती. तिने एकदा मातीत रुतलेल्या विमानाकडे पाहिलं, मग बापाकडे.

“नाना, सहा महिना थांबसू. हाऊ परत उडाले लागना का मंग लगीन. मी ‘हा’ म्हनी ते उगाच नही. मले विमानमा बसनं शे!”